पुस्तकाचा शेजार

ग्रंथालयात ऊस शोधायचा तर तीन ठिकाणी जावं लागतं. लागवड, बेणं, पाणी यांवरची पुस्तकं ६३३.६१ या क्रमांकाखाली, शेतीच्या रांगेत. रसापासून साखर बनवण्याचं तंत्र ६६४.१ खाली. सहकारी कारखान्याच्या कारभाराचा अभ्यास ३३४ खाली, अर्थशास्त्राच्या आसपास. पीक एकच, पण शेतकरी, केमिस्ट आणि संचालक यांचे प्रश्न निराळे, म्हणून पुस्तकांच्या जागाही निराळ्या. ही वाटणी मेल्विल ड्यूई या अमेरिकी ग्रंथपालाच्या दशांश वर्गीकरणातली. आज ते १३५ हून अधिक देशांत वापरलं जातं.

ड्यूईच्या आधी बहुतेक ग्रंथालयांत पुस्तकाचा क्रमांक म्हणजे त्याची फळीवरची जागा असे: अमुक कपाट, तमुक फळी, डावीकडून सातवं. नवं पुस्तक मध्ये बसवायला वाव नसे आणि कपाटं हलवली की सगळे आकडे नव्यानं घालावे लागत. ॲमहर्स्ट कॉलेजच्या ग्रंथालयात काम करताना १८७३ मध्ये ड्यूईनं क्रमांक फळीला न देता पुस्तकाच्या विषयाला दिला. १८७६ मध्ये ४४ पानांच्या पुस्तिकेत, स्वतःचं नाव न घालता, त्यानं ही योजना छापली. ज्ञानाचे दहा वर्ग, प्रत्येकाचे दहा भाग, त्यांचे पुन्हा दहा आणि दशांश चिन्हानंतर हवं तितकं खोल. ७९६ म्हणजे खेळ, ७९६.३ चेंडूचे खेळ, ७९६.३५ बॅट किंवा काठीनं चेंडू टोलवण्याचे, आणि ७९६.३५८ क्रिकेट. त्याला खेटून ७९६.३५७ वर बेसबॉल, थोडं अलीकडे हॉकी. फक्त हे दशांश आहेत एवढं ध्यानात ठेवावं लागतं. ७९६.३५८ चं पुस्तक ७९६.४ च्या आधी लागतं, आणि नवखा वाचक नेमका इथेच चुकतो. विखुरलेल्या विषयांसाठी ड्यूईनं अकारविल्हे सूचीही जोडली. त्या सूचीत एका शब्दापुढे त्याचे निरनिराळे पत्ते एकत्र सापडतात.

या आराखड्यात ड्यूईचा काळ आणि प्रदेश स्पष्ट दिसतो. धर्माच्या वर्गात २२० पासून २८९ पर्यंतची जागा ख्रिस्ती धर्माला, तर हिंदू धर्म २९४.५ मध्ये. इंग्रजी कादंबरीला ८२३ पुरतो, मराठी कादंबरीला ८९१.४६३ लागतो. ज्या वाचनालयातली निम्म्याहून अधिक पुस्तकं ८९१.४६ नेच सुरू होणार, तिथे या लांबलचक आकड्याचा वाचकाला फारसा उपयोग नाही. आपल्याकडच्या अनेक वाचनालयांनी कादंबरी, कथा, चरित्र, प्रवासवर्णन असे विभाग आणि दाखल क्रमांक यांवर काम भागवलं, ते समजण्यासारखं आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवनहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं. बोर्डन यांनी ड्यूई आणि कटर या दोन अमेरिकी ग्रंथपालांच्या पद्धती एकत्र करून बडोद्यासाठी वेगळं वर्गीकरण रचलं.

मुळापासून नवा विचार मात्र मद्रासमध्ये झाला. शि. रा. रंगनाथन गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिक्षणासाठी लंडनला गेले. तिथे एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणं पाहिलं. त्याच त्या पट्ट्या, चाकं आणि बोल्ट, पण जोडणी बदलली की नवी वस्तू तयार. विषयांचंही असंच करता येईल, हे त्यांच्या लक्षात आलं. ड्यूईच्या तक्त्यात विषय आधीच तयार करून ठेवलेले असतात. रंगनाथन यांनी तक्त्यात सुटे भाग ठेवले आणि ते जोडायला द्विबिंदू वापरला. १९३३ मध्ये प्रसिद्ध झालेली ही द्विबिंदू वर्गीकरण पद्धती. भारतात १९५० मध्ये क्ष-किरणांनी फुफ्फुसांच्या क्षयावर उपचार करण्याविषयीचं संशोधन, असं पुस्तक आलं तरी ग्रंथपाल अडत नाही. वैद्यक, फुफ्फुस, क्षय, उपचार, क्ष-किरण, संशोधन, भारत, १९५०: प्रत्येकाचं चिन्ह तक्त्यातून उचलायचं आणि ठरल्या क्रमानं जोडायचं. क्रमांक लांब आणि किचकट होतो, म्हणून ही पद्धती ड्यूईइतकी पसरली नाही. पण विषयाचे पैलू सुटे करून पाहण्याची तिची रीत जगभरच्या वर्गीकरणकारांनी उचलली.

रंगनाथन यांचं फळीविषयीचं निरीक्षण तर फार मोलाचं आहे. वाचक आपल्या विषयासमोर उभा राहिला की मधोमध त्याला हवी ती पुस्तकं, दोन्ही हातांना जवळच्या विषयांची, आणि त्यापलीकडे परकी, अशी मांडणी साधली पाहिजे, असं ते म्हणत. ग्रहणातल्या दाट आणि विरळ छायेच्या संज्ञा त्यांनी यासाठी घेतल्या. एक पुस्तक मागायला आलेला माणूस शेजारची दोन घेऊन जातो, तो या मांडणीमुळे. त्यांच्याच १९३१ च्या ग्रंथालयशास्त्राच्या ‘पंचसूत्री’तलं प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा हे सूत्र इथे कामाला येतं.

हे सगळं साधतं ते वाचक फळीपर्यंत पोचला तरच. आपल्या कित्येक वाचनालयांत अजून देवघेवीच्या खिडकीवर चिठ्ठी द्यायची आणि आतून येईल ते पुस्तक घ्यायचं, अशी पद्धत आहे. तिथे वर्गांक फक्त कर्मचाऱ्याच्या उपयोगी पडतो. संगणकावरची सूची मागितलेलं नाव चटकन देते, पण नाव माहीत नसलेल्या पुस्तकाचं काय? मुक्तद्वार, म्हणजे वाचकाला थेट फळीपर्यंत जाऊ देणं, नको म्हणणारे दोन कारणं देतात: पुस्तकं चोरीला जातात आणि चुकीच्या जागी ठेवली जातात. दुसरी अडचण खरी आहे, कारण दोन फळ्या पलीकडे गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा. तिच्यावर उपायही जुनाच: रोज ठरलेल्या रांगा क्रमवार तपासायच्या आणि चुकलेली पुस्तकं जागेवर लावायची. या कामासाठी रोजचा थोडा वेळ आणि एक माणूस राखून ठेवला, तर कपाटांच्या किल्ल्या खिडकीमागे टांगून ठेवायचं कारण उरत नाही.