दार उघडलं, की कुत्रा पसार?

दाराची बेल वाजते. कुरिअर घेण्यासाठी दार वीतभर उघडलं जातं आणि तेवढ्या फटीतून दोन-तीन किलोंचा पॉमेरेनियन जिन्याकडे धूम ठोकतो. घरचे ओरडत मागे धावतात. त्याला वाटतं, पकडापकडी सुरू झाली! खाली रस्त्यावर मात्र हा खेळ जिवावर बेतू शकतो. एवढासा जीव गाडी मागे घेणाऱ्या चालकाला दिसतही नाही.

हा हट्टीपणा नव्हे. ज्या कृतीचं फळ सुखद, ती प्राणी पुन्हा करतो, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी पेटीतून सुटायला शिकणाऱ्या मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं. पळणाऱ्या कुत्र्याला बाहेरचे वास आणि मोकळीक हे बक्षीस लगेच मिळतं. म्हणून बक्षिसाची जागा बदलायची: पळालं तर दार बंद, थांबलं तर दार उघडं.

सराव आतल्या खोलीच्या दारापासून करावा. कुत्र्याला पट्टा बांधून बसवा आणि कडीकडे हात न्या. तो उठला, तर न रागावता हात मागे घ्या. बसून राहिला, तर वाटाण्याएवढा खाऊ द्या. हे जमलं, की दार बोटभर उघडा, मग हळूहळू पूर्ण. ‘चल’ म्हटल्यावरच त्यानं उंबरा ओलांडायचा. दोन-तीन मिनिटांचा सराव दिवसातून दोनदा पुरतो. मुख्य दार आणि बेल सगळ्यात शेवटी. छोट्या जातींची श्वासनलिका नाजूक असते, त्यामुळे पट्टा गळ्याऐवजी छातीवरच्या हार्नेसला लावावा.

खरी परीक्षा घरच्यांची असते. दहा वेळा अडवलं आणि अकराव्यांदा निसटू दिलं, तर सवय आणखी घट्ट होते. अधूनमधून मिळणारं बक्षीस फार चिवट असतं. म्हणून आजी-आजोबांपासून कामाच्या मावशींपर्यंत सगळ्यांचा नियम एकच हवा. सवय पक्की होईपर्यंत दाराआधी लहान मुलांसाठी मिळणारं अडसर-फाटक लावावं.

तरीही निसटलाच, तर पाठलाग करू नका. खाली बसून आनंदानं हाक मारा किंवा उलट दिशेला पळा. परतल्यावर मारू नका. नाहीतर ‘परत आलो, की मार’ एवढंच तो शिकेल.

दिवाळीत फटाक्यांनी बिथरलेल्या कुत्र्यापुढे मात्र कोणतंही शिक्षण टिकेलच असं नाही. त्या दिवसांत दारं बंद आणि पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवाच.