उस्मानिया दवाखान्याची वास्तू : पाडावयाची की राखावयाची?

मुसीच्या उत्तर तीरावर, अफजलगंजजवळ, उस्मानिया रुग्णालयाचे घुमट उभे आहेत. कागदोपत्री नाव काहीही असो, सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा किंवा शालीबंड्याच्या जुन्या मराठी घरांत त्यास ‘उस्मानिया दवाखाना’ असेच म्हणतात. या वास्तूची जुनी इमारत पाडून तेथे बहुमजली इमारती उभ्या कराव्यात, असा विचार सरकारने २०१५ च्या जुलैमध्ये जाहीर केला. नागरिकांच्या विरोधामुळे तो त्या वेळी मागे पडला. परंतु २०२३ च्या जुलैमध्ये, इमारत रुग्णालयास योग्य राहिलेली नसल्याने ती पाडण्याची भूमिका सरकारने उच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्राने मांडली. पुढे सरकार बदलले, विचारही बदलला. नवे रुग्णालय गोशामहल येथील सुमारे २६ एकर जागेवर बांधण्याचे ठरून ३१ जानेवारी २०२५ रोजी त्याची कोनशिला बसली. जुनी वास्तू वारसा म्हणून राखण्याचेही सांगण्यात आले.

तेव्हा प्रश्न मिटला, असे पुष्कळांस वाटते. आमच्या मते तो मिटलेला नाही. त्याचे केवळ रूप पालटले आहे. हे कसे, ते पाहण्यापूर्वी ही वास्तू कोठून आली ते थोडक्यात आठवणे इष्ट होईल.

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीस महापूर आला. जुनी मंडळी त्यास ‘तुगयानी’ म्हणत. हजारो माणसे वाहून गेली आणि नदीकाठचे अफजलगंजचे जुने इस्पितळही जमीनदोस्त झाले. ते इस्पितळ साधे नव्हते. हैदराबाद मेडिकल स्कूलचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मच्या सुरक्षिततेची परीक्षा करणारे दोन आयोग याच शहरात बसले होते, आणि त्यांची चर्चा इंग्लंडातील वैद्यकीय नियतकालिकांत गाजली होती. त्या इस्पितळाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी पुराच्या दिवशी प्राण वाचविले. ते झाड आजही आवारात आहे.

या संकटातून नवे हैदराबाद घडले. विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले, पुढे उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव बांधले गेले, १९१२ मध्ये नगरसुधारणा मंडळ निघाले. मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत व्हिन्सेंट एश या वास्तुविशारदाने नदीच्या दक्षिण तीरावर उच्च न्यायालय आणि उत्तर तीरावर, त्याच्यासमोर, हे रुग्णालय उभारले. ज्या नदीने शहर बुडविले तिच्याच दोन्ही काठांवर न्याय आणि उपचार यांची मंदिरे उभी करावीत, या कल्पनेत त्या काळच्या राज्यकर्त्यांची हिंमत दिसते. एक घुमट पाडला तर दुसरा एकाकी होईल. बिघडेल तो नदीचा सगळा काठ.

आपणा मराठी लोकांचे या वास्तूशी नाते आणखी जवळचे आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत तेव्हाचे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे जिल्हे हैदराबादेस जोडलेले होते. औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले ते १९५६ मध्ये. तोपर्यंत मराठवाड्यात दुखणे हाताबाहेर गेले की माणसे हैदराबादेची वाट धरीत. मनमाडहून येणारी लहान मापाची गाडी त्यांस काचीगुड्यास उतरवी. ते स्टेशनही एश यांचेच. एकाच वास्तुविशारदाच्या एका इमारतीत उतरून दुसऱ्या इमारतीत बरे होण्यास जावे, असा तो प्रवास होता. त्यांपैकी किती जणांनी शहरातील आप्तांच्या ओसरीवर मुक्काम केला असेल, याची मोजदाद कोण करणार?

आता मुख्य मुद्दा. पाडापाडीच्या बाजूने सांगितले गेले की इमारत जीर्ण व धोक्याची आहे, आणि गोरगरीब रुग्णांचे हित दगडांहून मोठे आहे. यातील दुसरे म्हणणे निर्विवाद खरे. छत कोसळण्याच्या भीतीने कोणी रुग्णाने खाटेवर पडून राहावे, असे कोणताही वारसाप्रेमी म्हणणार नाही. परंतु पहिल्या म्हणण्याची नीट तपासणी व्हावयास हवी. दगडचुन्याची इमारत नव्वद-शंभर वर्षांत आपोआप मोडकळीस येत नाही. तिचा शत्रू पाणी. पन्हाळी तुंबली, गच्चीवर पाणी साचले, कठड्याच्या भेगेत पिंपळाचे रोप रुजले आणि ते वेळीच उपटले नाही, की चुना सुटू लागतो. त्यावर सिमेंटचा गिलावा थापला की ओल आत कोंडते. यांतले एकही काम मोठ्या खर्चाचे नाही. पण दहा-वीस वर्षे ते टाळले की शेवटी खर्चाचा आकडा कोटींत जातो आणि मग इमारत ‘जीर्ण’ ठरते. इन्टॅकच्या तज्ज्ञांनी २०१५ मध्ये पाहणी केली, तेव्हा वास्तू दुरुस्त होण्याजोगी असल्याचेच सांगितले होते.

२०२० च्या जुलैत मुसळधार पावसात खालच्या वॉर्डांत पाणी शिरले, रुग्णांचे हाल झाले आणि त्या महिन्याच्या अखेरीस जुन्या इमारतीस टाळे लागले. पण ते पाणी तुंबलेल्या गटारांचे होते. गटाराचा दोष भिंतीच्या माथी मारणे, हा न्याय कोणता?

याच्या उलट उदाहरण दूर शोधावयास नको. उस्मान अली खान यांच्याच काळातील, १९३५ चा मोअज्जमजाही बाजार वर्षानुवर्षे गळत व काळवंडत होता. त्याची दुरुस्ती होऊन तो २०२० च्याच ऑगस्टमध्ये पुन्हा लोकांसाठी खुला झाला. एका दगडी इमारतीस टाळे आणि दुसरीस नवे तेज. अंतर दोन महिन्यांचेही नाही. फरक दगडात नव्हता, मनात होता. लोकांनी धरून बसल्यास काय होते, हेही या शहराने पाहिले आहे. खैरताबादजवळील इर्रम मंजिल पाडून तेथे विधानसभा बांधण्याचा मंत्रिमंडळाचा निर्णय उच्च न्यायालयाने १६ सप्टेंबर २०१९ रोजी रद्द केला.

मग उस्मानियाची भीती कशाची? भीती आहे ती रिकामेपणाची. इमारतीस काम असते तोवर तिच्याकडे कोणाचे तरी लक्ष असते. कोणी झाडतो, कोणी गळती दाखवितो, कोणी तक्रार करतो. काम संपले की पिंपळाला मोकळे रान मिळते. पाडण्याचा हुकूम निघाला तर त्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. पावसाविरुद्ध दाद कोठे मागावयाची? ‘जुनी वास्तू राखू’ या आश्वासनास जोपर्यंत दुरुस्तीचा आराखडा, त्याचा खर्च आणि मुदत यांची जोड नाही, तोपर्यंत ते पाडण्याचेच सावकाशीचे दुसरे नाव ठरण्याचा धोका आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. गोशामहलचे रुग्णालय पुरे होण्याची वाट न पाहता गच्ची, पन्हाळी व गटारे आधी दुरुस्त व्हावीत. दुरुस्ती चुन्याचे काम जाणणाऱ्या गवंड्यांकडून व्हावी. आणि वास्तूस काम मिळावे. जुन्या शहरातील गरिबांसाठी एका भागात बाह्यरुग्ण दवाखाना राहू शकतो. दुसऱ्या भागात क्लोरोफॉर्मपासून आजवरचा दख्खनच्या वैद्यकाचा इतिहास मांडता येईल. महापुराची स्मृती सांगावयास आवारातली चिंच आहेच.

या कामी जुन्या मराठी घरांनी मागे राहू नये. कोणाच्या कपाटात त्या दवाखान्यातील जुने कागद असतील, तेथे शिकलेल्या किंवा काम केलेल्या आजोबांचे छायाचित्र असेल, कोणास मराठवाड्याहून आलेल्या नातलगांच्या आठवणी असतील. त्या लिहून काढाव्यात, शहरातील मराठी ग्रंथालयांत व संस्थांत जमा कराव्यात, आणि जेथे या वास्तूचा विषय निघेल तेथे आपले नाव देऊन बोलावे. ही इमारत निजामाने बांधली, सरकारच्या मालकीची आहे, हे खरे. पण तिच्या पायऱ्या झिजल्या त्या आपल्या माणसांच्या पावलांनी.