देवांचा लाडका, म्हणजे मूर्ख

नालासोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे शिकारीला निघत, मी धम्मयात्रेला निघालो, असे अशोक या लेखात सांगतो. याच लेखाच्या डेहराडूनजवळच्या कालसी इथल्या प्रतीत त्या पूर्वीच्या राजांनाही अशोकाची 'देवानंपिय', म्हणजे 'देवांचा लाडका', ही उपाधी लावली आहे. गिरनारच्या प्रतीत तिथे नुसते 'राजे' आहे. म्हणजे ही उपाधी एकट्या अशोकाची नव्हती. त्याचा नातू दशरथ आणि श्रीलंकेचा राजा तिस्सही ती लावत.

पुढे संस्कृतात याच 'देवानांप्रिय'चा अर्थ झाला मूर्ख! बौद्ध राजावर वैदिकांनी उगवलेला हा सूड, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. व्याकरणकार पतंजली मौर्यांनंतरच्या शुंगकाळातला, शुंग राजा पुष्यमित्राच्या यज्ञाचा उल्लेख करणारा. सूडच असता तर तो त्याच्याकडे आधी दिसायला हवा होता. तो तर हा शब्द 'आयुष्मान', 'दीर्घायू' यांच्या पंक्तीला बसवतो. सातव्या शतकातला बाणभट्टही तो आदरानेच वापरतो.

शब्दाला बट्टा लागायला व्याकरणातला शेजार कारण झाला असावा. समासात एरवी विभक्तीचा प्रत्यय गळतो, म्हणून 'देवप्रिय'. पण शिवी द्यायची असेल तर षष्ठी तशीच राहते, असे पाणिनी सांगतो. 'दास्याःपुत्र' ही संस्कृत नाटकांतली सणसणीत शिवी त्याच घडणीची. पाणिनीच्या सूत्रांना पुरवणी जोडणाऱ्या कात्यायनाने या नियमापाशी जे जादा शब्द नोंदवले, त्यांत 'देवानांप्रिय' आला. तिथे मूर्खपणाचा उल्लेख नव्हता; बऱ्याच नंतरचे व्याकरणकार भट्टोजी दीक्षित यांच्या 'सिद्धान्तकौमुदी'त मात्र तो स्पष्ट दिसतो. त्याच्या कितीतरी आधी शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात प्रतिपक्षाला याच शब्दाने टोला हाणला होता.

पण देवांच्या लाडक्यालाच मूर्ख का म्हणायचे? कौमुदीवरची 'तत्त्वबोधिनी' टीका याचे उत्तर देते, आणि त्याचे मूळ बृहदारण्यक उपनिषदात आहे. ज्याला ब्रह्म कळले नाही तो यज्ञ करत राहतो, आहुती देत राहतो. जनावरे माणसाच्या उपयोगी पडतात तसा तो देवांच्या उपयोगी पडतो. दावणीचे एक जनावर गेले तरी धन्याला लागते. म्हणूनच माणसाला ज्ञान व्हावे, हे देवांना रुचत नाही. अज्ञानी आहे तोवरच तो त्यांचा लाडका.