लोण्याच्या गराचे फळ : अ‍ॅव्होकॅडो

अ‍ॅव्होकॅडो हे दालचिनी, तमालपत्र आणि कापूर यांच्या कुळातले झाड. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. तेथे त्याचे फळ हजारो वर्षांपासून खाल्ले जाते. नाहुआत्ल भाषेतील ‘आहुआकात्ल’ या शब्दाचे स्पॅनिशमध्ये ‘आग्वाकाते’ झाले आणि त्यावरून आजचे नाव आले. कर्नाटक-तमिळनाडूच्या बाजारांत मात्र त्याला ‘बटर फ्रूट’ म्हणतात. फळाचा गुण सांगणारे नाव म्हणून हेच अधिक नेमके.

बहुतेक फळे साखर साठवतात, हे फळ तेल साठवते. 100 ग्रॅम गरात सुमारे 15 ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात आणि साखर एक ग्रॅमहूनही कमी. या स्निग्धांशात ऑलिव्ह तेलाप्रमाणे ओलेइक आम्लाचा वाटा मोठा असतो. शिवाय सुमारे 7 ग्रॅम तंतू आणि केळ्याहून जास्त पोटॅशियम मिळते. मात्र तेवढ्याच गरातून सुमारे 160 कॅलरीही मिळतात, त्यामुळे हलका फलाहार समजून ते भरपूर खाणे बरोबर नाही.

झाडाचा मोहर तर फारच विलक्षण. प्रत्येक फूल दोनदा उमलते, एकदा मादी म्हणून आणि दुसऱ्यांदा नर म्हणून. ‘अ’ गटातील जातींची फुले सकाळी मादी असतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर होऊन उघडतात. ‘ब’ गटातील फुले दुपारी मादी, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नर असतात. दोन्ही गटांची झाडे जवळजवळ लावली की एकाचे पराग दुसऱ्याला वेळेवर मिळतात. हे काम मुख्यतः मधमाश्या करतात.

बी रुजवून वाढवलेले झाड आईसारखे फळ देईलच असे नसते, म्हणून बागा कलमांच्या असतात. आज जगाच्या बाजारात सर्वाधिक विकली जाणारी ‘हास’ ही जात कॅलिफोर्नियातील रुडॉल्फ हास या पोस्टमनच्या बागेत योगायोगाने मिळाली. त्याने रुजवलेल्या एका रोपावर दुसऱ्या जातीचे कलम जगेना, तेव्हा ते रोप तसेच वाढू दिले गेले. त्याची फळे चवीला सरस निघाली. 1935 मध्ये हासने या जातीचे पेटंट घेतले. जगभरची हास झाडे त्या एका झाडाची कलमे आहेत. मूळ झाड मात्र मूळकुजीने 2002 मध्ये गेले.

भारतात हे फळ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीलंकेतून आले. निलगिरी, कोडाईकनालचा परिसर, कोडगू, वायनाड आणि सिक्कीम येथे त्याची झाडे आढळतात. पाणी साचणारी जमीन त्याला मानवत नाही, कारण मूळकुज तिथेच बळावते.

फळ झाडावर तयार होते, पण पिकते ते तोडल्यावरच. आंबा अढीत घालावा तसे ते काही दिवस ठेवावे लागते. केळ्यांसोबत कागदात गुंडाळल्यास लवकर मऊ पडते. देठाजवळ हलके दाबल्यावर किंचित दबले, की ते खाण्याजोगे झाले. कापलेला गर हवेने काळवंडतो, त्यावर लिंबू पिळल्यास रंग जास्त वेळ टिकतो. मेक्सिकोत त्याचे ग्वाकामोले करतात, दक्षिण भारतात दूध-साखर घालून घट्ट पेय. फार शिजवल्यास गर कडवट होतो, म्हणून तो कच्चाच बरा.

झाडाच्या पानांत आणि सालीत पर्सिन नावाचे द्रव्य असते. शेळ्या, घोडे आणि पक्षी यांना ते बाधते, त्यामुळे पाला गुरांपुढे टाकू नये आणि फळ पाळीव पोपटाला देऊ नये.