अमेरिकेच्या दक्षिणेतील गुलाम आणि वारसाहक्काचे तंटे
यादवी युद्धापूर्वी (१८६१ पूर्वी) अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत मळेमालकाच्या मृत्यूनंतर जमिनीबरोबर गुलामांचीही वारसांमध्ये वाटणी होत असे. कायद्याने गुलाम ही मालमत्ता होती. परंतु कोणत्या प्रकारची, याविषयी एकवाक्यता नव्हती. व्हर्जिनियाने १७०५ मध्ये त्यांना स्थावर मालमत्तेत गणले. जमीन आणि ती कसणारे हात एकत्र राहावेत, हा त्यामागील हेतू होता. पुढे तेथे व बहुतेक राज्यांत गुलाम जंगम मालमत्ता ठरले.

वाटणीसाठी नेमलेले पंच प्रत्येक गुलामाची किंमत ठरवून सारख्या मोलाचे हिस्से पाडीत. हिस्से जुळले नाहीत किंवा मृताचे कर्ज असले, तर विक्री होई. आई एका वारसाकडे आणि मूल दुसऱ्याकडे जाणे नवलाचे नव्हते. विधवेला केवळ हयातीपुरत्या मिळालेल्या दासीची मुले कोणाची, यावरही खटले चालत; ती बहुधा विधवेनंतरच्या वारसाकडे जात.

मालकाने मृत्युपत्रात गुलामांना मुक्त केले असेल, तर तंटा अधिकच चिघळे. तेथे वाटणीची वस्तू आणि मृत्युपत्राची लाभार्थी व्यक्ती एकच असे. व्हर्जिनियाचे राजकारणी जॉन रँडॉल्फ १८३३ मध्ये वारले. त्यांच्या १८२१ च्या मृत्युपत्रात गुलामांची मुक्तता होती, १८३२ च्या मृत्युपत्रात नव्हती. नंतरचे मृत्युपत्र करताना ते भानावर होते काय, या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद चालला. अखेर आधीचे मृत्युपत्र ग्राह्य धरले गेले, आणि मालकाच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी, १८४६ मध्ये, ३८३ जण ओहायोकडे निघाले. मुक्त झालेल्याने बारा महिन्यांत राज्य सोडावे, असा व्हर्जिनियाचा १८०६ चा कायदा होता. ओहायोत त्यांच्यासाठी जमीन घेतली होती. पण तेथील गोऱ्या रहिवाशांनी त्यांना तिच्यावर पाऊल ठेवू दिले नाही. खटला जिंकूनही वारसा हाती आला नाही तो असा.

मिसिसिपीत तर कायदाच आड आला. १८४२ मध्ये तेथे मृत्युपत्राद्वारे मुक्तता देण्यास बंदी झाली. एडवर्ड वेल्स या मळेमालकाने गुलामगिरीत जन्मलेल्या नॅन्सी या आपल्या मुलीला ओहायोत नेऊन मुक्त केले आणि तिच्यासाठी घड्याळ, पलंग व ३,००० डॉलर ठेवले. तिने हक्क मागितला तेव्हा १८५९ मध्ये मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयाने, ओहायोने दिलेले स्वातंत्र्य या राज्यात मानले जाणार नाही, असे सांगून तो नाकारला.