सिगारेट बंद केली तर विडी विझेल काय?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

व्यसनांचा विषय निघाला की "सरकार बंदी का घालत नाही?" असा सवाल टाकून आपण मोकळे होतो. वादविवाद स्पर्धेत तर या वाक्याला हमखास टाळ्या पडतात. परंतु बंदीने धूम्रपान खरोखर कमी होते काय, हा विचार टाळ्यांच्या गडबडीत राहून जातो. मी ताडकळसचा. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील विडी ओढतात, आई सकाळी मशेरी लावते. त्यामुळे हा प्रश्न मला केवळ स्पर्धेपुरता वाटत नाही.

बंदीची कल्पना काही आजची नव्हे. जहांगीर बादशहाने १६१७ साली तंबाखूला मनाई केली होती. त्या हुकुमाचे पुढे काय झाले, हे कोणत्याही पानटपरीवर उभे राहिले की कळते!

पण इतके मागे जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राने स्वतःच हा प्रयोग केला आहे, तो गुटख्यावर. २००२ साली राज्याने गुटख्यावर बंदी घातली. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. मग जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली ती पुन्हा आली. हा आदेश एका वर्षाचा असतो आणि दरवर्षी नव्याने काढावा लागतो. कोणी विचारील की, गुटख्यावर बंदी चालते तर सिगारेटवर का नाही? याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. गुटखा कायद्याने खाद्यपदार्थांत मोडतो आणि खाद्यपदार्थात तंबाखू वा निकोटिन असू नये असा २०११ चा नियम आहे. सिगारेट कोणी खात नाही! तिच्यासाठी २००३ चा वेगळा कायदा आहे. तो विक्री बंद करीत नाही, तिला कुंपण घालतो : सार्वजनिक ठिकाणी ओढायची नाही, जाहिरात करायची नाही, अठरा वर्षांखालील मुलास विकायची नाही, शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत विकायची नाही.

आता गुटखाबंदीने काय झाले ते पाहू. आमच्या भागात पुडी दिसेनाशी झाली, मिळेनाशी झाली नाही. पूर्वी ती माळेसारखी टपरीवर लटकत असे. आता ओळखीच्या गिऱ्हाइकाला ती खालून निघते आणि भाव जास्त द्यावा लागतो. पानमसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी. दोन्ही तळहातावर एक केल्या की झाला गुटखा. तरीही बंदी अगदीच वाया गेली असे मी म्हणणार नाही. शाळकरी पोराच्या डोळ्यांसमोरून ती माळ हटली, हेही थोडे नव्हे.

सरकारी पाहणीचे आकडे याबाबतीत विचार करायला लावतात. महाराष्ट्रात २००९-१० साली शंभर प्रौढांमागे ६.६ जण धूम्रपान करीत होते. २०१६-१७ साली ते प्रमाण ३.८ वर आले. धूर नसलेला तंबाखू, म्हणजे गुटखा, मशेरी, मळलेली तंबाखू वगैरे, २७.६ वरून २४.४ वर आला. म्हणजे ज्या धुरावर बंदी नव्हती, नुसते कुंपण होते, तो जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटला; आणि ज्या प्रकारातील गुटख्यावर बंदी होती, तो प्रकार अकरा-बारा टक्क्यांनीच घटला. एवढ्यावरून बंदी निरुपयोगी ठरत नाही, कारण मशेरीवर बंदी कधी नव्हतीच. पण बंदी म्हणजे रामबाण, हा भ्रम तरी दूर व्हावा.

दुसरा मुद्दा विडीचा. २०१६-१७ साली देशात शंभरात ४ प्रौढ सिगारेट ओढीत होते, तर विडी ओढणारे ७.७. सिगारेटबंदीची भाषणे शहरात होतात, आणि खेड्यातील धूर तर विडीचा आहे. मी वडिलांना विचारले, "आबा, उद्या सिगारेट-विडी सगळंच बंद झालं तर?" ते म्हणाले, "आज्याच्या काळात आपट्याच्या पानाची विडी घरीच वळायचे. तलफ काय कायदा विचारून येते का?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्या अर्थशास्त्राच्या वहीत उत्तर सापडले नाही.

बाहेरच्या देशांचा अनुभव वेगळा नाही. भूतानने २००४ साली तंबाखूची विक्रीच बंद केली. २०११ साली थोडी तंबाखू बाळगली म्हणून एका भिक्षूस तीन वर्षांची शिक्षा झाली. इतके कडक असूनही चोरटा माल येतच राहिला आणि २०२१ साली विक्री पुन्हा खुली करावी लागली. दक्षिण आफ्रिकेने २०२० च्या साथीत मार्च ते ऑगस्ट सिगारेटविक्री थांबवली. तिथे सिगारेट मिळतच राहिली, फक्त कितीतरी महाग. भूतानचे वाचताना मला भिक्षूऐवजी आबाच दिसत होते. ज्या बंदीत कारखानदार सुटतो आणि ओढणारा सापडतो, ती मला मान्य नाही.

मग कमी कशाने होते? माझ्या मते अडचणीने आणि लाजेने. मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक ठिकाणचे धूम्रपान रोखले; २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर कडक नियम आले. आबा सांगतात, त्यांच्या तरुणपणी एस.टी.त धूर असे. आज कोणी काडी ओढली तर कंडक्टरच्या आधी शेजारची बाईच टोकते. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्राने सुटी सिगारेट-विडी विकण्यास मनाई केली, हे पाऊल मला बंदीहून शहाणपणाचे वाटते. पोरगा पहिला झुरका सुट्या सिगारेटीचाच घेतो. अख्ख्या पाकिटाला त्याच्या खिशात पैसे नसतात. मात्र हा नियम आमच्याकडे कागदावरच आहे, सुटी सिगारेट कुठेही मागा.

आणि ज्यांची सवय तीस वर्षांची आहे त्यांचे काय? पाकिटावर व्यसन सोडण्यासाठी फुकट फोनचा क्रमांक छापलेला असतो : १८००-११-२३५६. पण ज्याला वाचता येत नाही, त्याला तो कोणी तरी वाचून दाखवावा लागतो. आबांना मी दोनदा वाचून दाखवला. पहिल्या वेळी ते नुसते हसले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "पेरणी उरकू दे, मग लाव."