जुनी हार्ड डिस्क, नवा संगणक: फर्मवेअरचा फरक

फर्मवेअर: संगणक सुरू होताच, विंडोज किंवा लिनक्सच्याही आधी चालणारा मदरबोर्डवरचा प्रोग्राम.

बायोस, जुने फर्मवेअर: १९८१च्या आयबीएम पीसीपासून. डिस्कच्या पहिल्या, ५१२ बाइटच्या सेक्टरमधला कोड चालवते. एमबीआर हा पार्टिशनचा तक्ताही तिथेच. प्रायमरी पार्टिशन चारच. कमाल सुमारे २.२ टेराबाइट.

यूईएफआय, नवे फर्मवेअर: इंटेलच्या ईएफआयमधून घडले, २००५पासून यूईएफआय फोरमकडे. फॅट३२ पार्टिशनमधली बूट फाइल शोधते. तक्ता जीपीटीचा, सहसा १२८ पार्टिशनचा. त्याची प्रत डिस्कच्या शेवटी.

नेमका गोंधळ इथे होतो: डिस्क वाचता येणे वेगळे, तिच्यावरून संगणक सुरू होणे वेगळे. एमबीआर डिस्क दुसरी डिस्क म्हणून जोडल्यास नव्या संगणकावरही फाइली दिसतात. तिच्यावरचे जुने विंडोज सुरू करायचे, तर मदरबोर्डवर सीएसएम ही बायोस-सुसंगत सोय हवी. अनेक नव्या मदरबोर्डवर ती नसते.

१९९०च्या दशकातल्या आयडीई डिस्क:
- पत्ता सिलिंडर, हेड, सेक्टरने. १०२४ × १६ × ६३ सेक्टर, म्हणजे सुमारे ५२८ मेगाबाइट. मूळ पद्धतीची मजल एवढीच.
- पुढच्या क्षमतेसाठी बायोस पत्त्यांचे रूपांतर करी: ‘लार्ज’ किंवा ‘एलबीए’. दोन संगणकांत ही निवड वेगळी असेल, तर तोच पत्ता भलत्याच सेक्टरवर जातो. अशा स्थितीत डिस्कवर काहीही लिहिणे धोक्याचे. आधीच्या संगणकातली निवड टिपून ठेवावी.

एमबीआरचे जीपीटीत रूपांतर: विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून (२०१७) ‘एमबीआर२जीपीटी’ हे साधन. फाइली न पुसता सिस्टिम डिस्क बदलते. प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत. बॅकअप आधी.

‘इनिशियलाइझ’ किंवा ‘फॉरमॅट’ची विचारणा: डिस्कवर जुना डेटा असेल, तर नकार द्यावा.